कोरणाऱ्याचे नाव

शिगम्यात डिचोली, पेडणे आणि सत्तरी या भागांत घोडेमोडणी होते. कमरेला बांबूचा सांगाडा, त्यावर रंगीत वस्त्र, पुढे घोड्याचे लाकडी तोंड. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लगाम. राण्यांनी पोर्तुगिजांशी दिलेल्या झुंजीची आठवण म्हणून आपण हा नाच पाहतो. पण ते तोंड कोणी कोरले, असे कधी विचारतो का?

ते गावच्या मेस्ताचे काम. कलाशाळेची पायरी तो चढला नाही. दारे-चौकटी करता करता त्याचा हात बसला. वस्तू देवाकारणी, म्हणून तिच्यावर तो आपले नाव घालत नाही.

कॅनडातील क्युबेक प्रांतात, फ्रेंच बोलणाऱ्या सँ-जाँ-पोर-जोली गावी मेदार बुर्गो (१८९७–१९६७) हा एके काळचा खलाशी असाच आपल्या आपण कोरायला शिकला. १९३०च्या सुमारास मारियुस बार्बो या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाची नजर त्याच्या कामावर पडली. पुढे ते गावच कोरीवकामासाठी नावाजले.

आपल्या मेस्ताला बार्बो भेटला नाही. त्याचे काम आपणच करायचे आहे. आपल्या जुन्या घरांत जमाखर्चाच्या वह्या आहेत. देव्हारा, चौरंग, पालखी कोणाकडून करवून घेतली, मजुरी काय दिली, हे त्यांत शोधा. तिथे न सापडले, तर वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ती माणसे गेली, की वस्तू राहील आणि तिचा कर्ता कायमचा हरवेल.