चहाचं पानक
(वसंत व्याख्यानमालेत भालकी येथे दिलेलं व्याख्यान)



पत्रिका बघितली तर काल बसवकल्याणच्या शिलालेखांवर व्याख्यान झालं, उद्या जमिनीच्या कायद्यावर आहे, आणि मधल्या दिवशी माझा ‘फळांचा थंड चहा’. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती असल्या विषयासाठी का? ते म्हणाले, ‘ताई, एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेसहाला पत्र्याखाली बसवलेल्या माणसांना दुसरं काय ऐकावंसं वाटणार?’ (हशा)

मी मूळची भालकीची. लग्न होऊन गुलबर्ग्याला गेले आणि तिथंच रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. २०१४ साली त्या गावाचं नाव कागदोपत्री कलबुर्गी झालं. ऊन मात्र जुनंच राहिलं. बीदर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कलबुर्गी साडेचारशेच्या. हा अडीचशे मीटरचा फरक भूगोलाच्या पुस्तकात किरकोळ वाटतो, पण मे महिन्यात संध्याकाळी माहेरी येताना बीदरला उतरलं की अंगाला कळतो. तिथं वारं सुटलेलं असतं. कलबुर्गीत रात्री दहालाही भिंतीला पाठ टेकवत नाही.

तर असल्या गावात मी पहिल्यांदा थंड चहा केला त्याला वीसेक वर्षं झाली. पाहुणे यायचे होते. रोजच्यासारखा खळाखळा उकळून कोरा चहा केला, गाळला, गरम असतानाच फ्रिजमध्ये सारला. दोन तासांनी बाहेर काढला तर पातेल्यात पहिल्या पावसाचं ओढ्याचं पाणी! गढूळ, तपकिरी, वर साखर घातली तर ती तळाशी बसलेली. लिंबू पिळलं, बर्फ टाकला, आणि पाहुण्यांनी तो सज्जनपणे प्यायला. सासूबाई मात्र पेला खाली ठेवून म्हणाल्या, ‘अगं, याच्यापेक्षा पन्हं केलं असतंस.’

त्या वेळी मला राग आला. पण आज मला तुम्हाला जे सांगायचं आहे ते सगळं त्या वाक्यात आहे. मी चहा करायला गेले होते आणि तो थंड केला. करायला हवं होतं पन्हं, आणि त्यात चहा घालायचा होता.

आधी त्या गढूळपणाचं बघू. चहाच्या पत्तीत कॅफिन असतं आणि ज्याला आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो तशी तुरट द्रव्यं असतात. कढत पाण्यात ही दोन्ही सुखानं विरघळलेली असतात. पाणी थंड झालं की ती एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण पाण्यात तरंगायला लागतात. चहा जितका कडक आणि जितका घाईनं गार केलेला, तितका गढूळ. तो खराब झालेला नसतो. थोडं कढत पाणी ओतलं की पुन्हा नितळ होतो. पण दिसायला मेलेला दिसतो.

त्यात आपल्या घरातली पत्ती म्हणजे दाणेदार सीटीसी. सीटीसीचं यंत्र १९३०च्या सुमारास आसाममध्ये निघालं. पान चिरडायचं, फाडायचं, वळवून त्याचे दाणे करायचे. असा दाणा दोन मिनिटांत रंग सोडतो, दुधाला पुरून उरतो. आपल्या आल्याच्या दुधाच्या चहाला तोच हवा. पण दूध काढून घेतलं की त्याचा कडकपणा उघडा पडतो. म्हणून थंड चहाला लांब पानाची पत्ती बरी. ती नसेल तर दाणेदार चालेल, फक्त ती उकळायची नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद, मग पत्ती, वर झाकण, आणि घड्याळाकडे बघून दोन मिनिटं. लांब पानाला तीन. गाळताना चोथा दाबून पिळायचा नाही. तो पिळला की सगळा तुरटपणा उतरतो.

आता पन्ह्याकडे येते. तुमच्या आजीनं पन्हं कसं केलं ते आठवा. कैरी उकडली किंवा भाजली, गर काढला, गर कोमट असतानाच त्यात गूळ किंवा साखर विरघळवली, मीठ आणि वेलदोडा घातला, आणि तो गर बरणीत भरला. पाहुणा आला की दोन चमचे गर आणि माठातलं पाणी. यात तीन नियम आहेत. गोडी गरम असताना विरघळवायची. मूळ दाट करून ठेवायचं. आणि थंड पाणी शेवटी, पिणारा समोर बसल्यावर. माझ्या त्या पहिल्या चहात मी तिन्ही नियम मोडले होते.

हे नियम धरून केलेला चहा सांगते, सहा पेल्यांचा. अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद करा. लांब पानाची पत्ती तीन सपाट चमचे, म्हणजे सहाएक ग्रॅम. तीन मिनिटं झाकून गाळा. गरम असतानाच त्यात कैरीचा गोड गर चार मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ ढवळा. मग पातेलं ओट्यावर राहू द्या. घाई नाही. निवला की अर्धा लिटर माठाचं पाणी. बर्फ फक्त पेल्यात. झालं. गर असल्यामुळं हा चहा मुळातच आरपार दिसत नाही, म्हणून गढूळपणाची लाजही नाही. पहिल्यांदा करणारानं कैरीपासूनच सुरुवात करावी.

काचेसारखा नितळ चहा हवा असेल त्यांनी चूल पेटवूच नये. पाणी उकळून गार केलेलं घ्या, लिटरला आठ ग्रॅम लांब पान, झाकून आठ तास फ्रिजमध्ये. गार पाणी पत्तीतला तुरटपणा फार ओढत नाही, म्हणून चहा मऊ उतरतो आणि गढूळ होत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, ‘मॅडम, आपल्याकडे ऊन फुकट आहे, बरणी गच्चीवर ठेवली तर?’ अमेरिकेत लोक असं करायचे. करू नका. गच्चीवर बरणी कोमट होते, कढत होत नाही, आणि कोमट पाणी जंतूंच्या सोयीचं. आपलं ऊन पापडाला द्या. (हशा)

फळांचं म्हणाल तर प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लिंबाचं आत्ताच दाखवते. इथं टेबलावर दोन पेले आहेत, दोन्हीत एकच चहा. या पेल्यात चार थेंब लिंबू. मागच्या रांगेतूनही दिसत असेल, तपकिरी रंग उतरून पिवळसर झाला. चहाचा रंग आंबटाला फिका पडतो, एवढंच. लिंबू इंडीचं असो की परसातलं, ते शेवटी पिळायचं. उकळीत घातलं की वास जातो. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवटतो, म्हणून तोही आयत्या वेळी. कलिंगडाला स्वतःची चव थोडी आणि पाणी फार. त्याचा रस सरळ ओतला तर चहा मिळमिळीत होतो. तो गाळून बर्फाच्या साच्यात गोठवा आणि त्याचेच खडे चहात टाका. बर्फ विरघळेल तसा चहा पातळ होण्याऐवजी गोड होत जातो. मांजरा आणि भीमेच्या काठावरच्या वाळूतली कलिंगडं आपण खात आलो. त्यांना हा एक नवा उद्योग. चिंचेचा कोळ गुळासोबत आणि सुंठेसोबत फार चांगला लागतो. आपल्या जिल्ह्यात आलं पिकतं, त्याचे दोन काप गरम पाण्यात पत्तीबरोबरच टाका. एक सांभाळा. कैरी, चिंच, लिंबू यांना कल्हई नसलेलं पितळ दाखवू नका, कळकतं. स्टील किंवा काच बरी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी फॅड. तर त्याची गोष्ट ऐका. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुइसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथं हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ होते. उन्हाळा कडक, गरम चहाला कोणी हात लावेना, म्हणून त्यांनी तो बर्फावर ओतला आणि थंड चहा जन्मला, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. १८७९ साली छापलेल्या व्हर्जिनियाच्या पाककृतींच्या पुस्तकात थंड चहा आधीच आहे. ब्लेचिंडेननी तो शोधला नाही, गाजवला. तरी माझ्या मनाला भावतं ते हे की आपल्याच मळ्यांतला चहा उन्हाला भिऊन बर्फात शिरला.

आणि बाहेरून आलेलं आपलंसं करायला आपण महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या लोकांनी कधी अनमान केलाय? १५व्या शतकात अहमदशहा बहमनीनं राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. त्या काळात इराणी पद्धतीचं भुयारी पाणी इथं आलं, करेझ. बीदरच्या पठारावर वर जांभा, खाली काळा दगड. जांभ्यातून पाणी झिरपतं, काळ्या दगडापाशी अडतं. बरोबर त्या सांध्यातून भुयार खणलं, उजेड-वाऱ्यासाठी वरून विहिरी पाडल्या, आणि उताराच्या अंगानं पाणी आपोआप चालत आलं. आपण त्याला सुरंग बावी म्हणतो. बीदरच्याच नानक झिऱ्याच्या गोड पाण्याची कथा सांगतात: लोकांनी गोड पाणी नाही म्हणून गाऱ्हाणं केलं आणि गुरू नानकांनी पायानं दगड सारला. भुयारानं आणलेलं असो की श्रद्धेनं, या गावात पाहुण्याला आधी पाण्याबद्दलच सांगतात.

शब्दांचं तसंच. सरबत अरबीतून आलं, चहा चीनमधून आला. इथं मराठी माणूस चहा म्हणतो आणि कलबुर्गीचा कन्नड माणूसही चहाच म्हणतो. टी म्हणतात म्हैसूरकडं. चैत्रात आपल्याकडं हळदीकुंकवाला पन्हं आणि कैरीची डाळ. शेजारच्या कन्नड घरात रामनवमीला पानक आणि कोसंबरी. त्यांचं पानक गूळ, सुंठ, वेलदोड्याचं. कोसंबरी भिजवलेल्या मुगाच्या डाळीची. पन्हं आणि पानक हे एकाच संस्कृत शब्दाचे दोन मुलगे. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बीदर जिल्हा वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेलं, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात, आणि भालकी, हुमनाबाद, औरादसह बीदर म्हैसूर राज्यात. त्या वाटणीबद्दल या व्यासपीठावर पुष्कळ बोललं गेलंय, मी भर घालत नाही. पेल्यातली वाटणी मात्र कोणाला जमली नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगते. उन्हातून, शेतातून आलेल्या माणसाला थंड चहा देऊ नका. त्याला पाणी, मीठ घातलेलं ताक, आंबील किंवा पन्हं द्या. उष्णतेच्या लाटेत चहा-कॉफी टाळा असं सरकारी सूचनांतही असतं. थंड चहा हा सावलीत बसलेल्या माणसाचा चहा आहे. लहान मुलांना नको, आणि जेवणाबरोबर कोणालाच नको. चहातली तुरट द्रव्यं भाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत. तासभर अंतर ठेवा. दुसरी गोष्ट बर्फाची. महाराष्ट्रात २०१८ साली नियम आला की खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करावा, कारण लाद्यांचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते बघून कळत नाही. घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ लावा. आणि केलेला चहा फ्रिजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवू नका.

आता शेवट. माझ्या शेजारी कन्नड आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. दोन वर्षांपूर्वी कैरीचा थंड चहा पेल्यात घालून त्यांना दिला. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि म्हणाल्या, ‘इदु चहाद पानक री.’ हे चहाचं पानक की हो.

मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्या चहाला नीट नाव त्यांनी दिलं. सासूबाई आता नाहीत. असत्या तर दोघींना समोरासमोर बसवून म्हटलं असतं, बघा, तुम्ही दोघी दोन भाषांत एकच बोललात.

बाहेर जाताना तिकडच्या मेजावर पेले ठेवलेत. त्यात कैरीचाही आहे आणि कलिंगडाचाही. आवडला तर उद्या घरी करा. पण आज रात्री आधी माठ भरून ठेवा, कारण अर्धं काम त्याचंच आहे.