निदान कळवा तरी!



घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे आपण दोन गोष्टींची तयारी ठेवितों: खर्चाची आणि खोळंब्याची. तिसरी गोष्ट मात्र आपल्या हिशेबांत नसते. ती म्हणजे, आपली वस्तु कोठें आहे आणि तिचें काय होत आहे, हें कोणीहि न सांगणें. आमच्या घरानें गेल्या पावसाळ्यांत तिचा पुरता अनुभव घेतला.

माझ्या वडिलांचें वय ८२ वर्षांचें. त्यांचें श्रवणयंत्र आषाढांत बंद पडलें. घाम आणि दमट हवा हे या यंत्राचे मोठे वैरी. तेव्हां बिघाडाबद्दल आम्हीं कोणास दोष दिला नाहीं. कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रांत तें नेऊन दिलें. "आठ दिवसांत कळवूं," असें आश्वासन मिळालें. पावतीवर तक्रारीचा क्रमांक होता. बिघाड, खर्च आणि तारीख हे रकाने कोरेच होते.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. फोन केला कीं, आपला फोन किती मोलाचा आहे हें एक ध्वनिमुद्रित आवाज सांगे, मग संगीत, मग दर वेळीं निराळी व्यक्ति, आणि तिच्यापुढें आमची कथा पुन्हां पहिल्यापासून! उत्तर मात्र ठरलेलें: "काम होतच आलें आहे." बोलणारीं मुलें उद्धट नव्हतीं, हें सांगितलें पाहिजे. समोरच्या पडद्यावर जेवढें लिहिलेलें असे, तेवढेंच तीं वाचून दाखवीत. दोष होता तो, ज्यांना सारें ठाऊक होतें त्यांचा.

इकडे घरांत काय चाललें होतें? श्रवणयंत्र हें ज्याच्या त्याच्या कानाची तपासणी करून, कोणते स्वर किती कमी ऐकूं येतात त्या मानानें जुळविलेलें असतें. शेजाऱ्याचें मागून आणून भागत नाहीं. वडील हळूहळू बैठकीच्या खोलींत येईनासे झाले. नात शाळेंतली हकीकत सांगूं लागली कीं, कांहींहि न ऐकतां "हो, हो" म्हणत. एके रात्रीं त्यांनीं मला विचारलें, "अजून किती दिवस रे?" उत्तर कागदावर लिहावयाचें म्हणून मीं पेन्सिल उचलली, आणि लिहावें काय, हेंच मला कळेना.

एकेचाळिसाव्या दिवशीं उलगडा झाला. आंतील एक भाग परदेशांतून यावयाचा होता, आणि ही गोष्ट केंद्राला पहिल्याच आठवड्यांत ठाऊक होती! तेव्हांच सांगितलें असतें, तर कपाटांतील त्यांचें जुनें यंत्र आम्हीं नव्यानें जुळवून घेतलें असतें. "होतच आलें आहे" या शब्दांवर विसंबून आम्हीं तें केलें नाहीं. विलंबानें झालें नाहीं एवढें नुकसान या उत्तरानें केलें.

सुटा भाग वेळेवर मिळणें दुरुस्ती करणाराच्या हातीं नेहमींच असतें असें नाहीं. खरें काय तें सांगणें मात्र सदैव त्याच्या हातीं असतें. आणि हें केवळ सौजन्य नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत सेवेंतील उणिवेची जी व्याख्या आहे, तींत ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणें याचाहि समावेश आहे.

म्हणून माझी विनंति अशी. वस्तु दुरुस्तीस देतांना बिघाडाचें वर्णन, वस्तूवरील अनुक्रमांक, अंदाजी खर्च आणि परत देण्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. कोरा रकाना पत्करूं नका. दर वेळीं कोण बोललें व काय बोललें, तें वहींत टिपून ठेवा. एवढ्यानें न भागलें, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढें जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचें कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत तेथें दाद मागतां येते; आणि दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्कहि पडत नाहीं.

दुरुस्ती-केंद्रांच्या चालकांनाहि एक सांगावेंसें वाटतें. "अजून महिना लागेल" हें उत्तर ऐकून ग्राहक क्षणभर रागावेल. पण तो आपली सोय करूं शकेल. खोट्या धीरानें तो सोयीलाहि मुकतो आणि विश्वासालाहि.

यंत्र परत आलें त्या संध्याकाळीं वडिलांनीं नातीला जवळ बोलाविलें व म्हणाले, "शाळेंतलें तें सारें पुन्हां सांग बघूं. तेव्हां मी नुसतेंच हो म्हणालों होतों."