चालणे हेच औषध



माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे आणि व्यवसाय कापडाचा. तरीही ज्या व्याधीला आपण 'वय झाले' असे म्हणून सोडून देतो, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती घेतो.

घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाचा पूल चढताना पोटरीत गोळा येतो. थोडे थांबले की वेदना ओसरते. पुन्हा तेवढेच चालले की परत येते. हे लक्षण पायांच्या धमन्या अरुंद झाल्याचे असू शकते. बसलेल्या माणसाच्या स्नायूला पुरेसा प्राणवायू मिळतो. चालू लागताच मागणी वाढते आणि पुरवठा तोकडा पडतो. तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची प्रमुख कारणे. चेन्नईतील एका पाहणीत (२०००) मधुमेहींपैकी ६.३ टक्के लोकांत हा विकार आढळला. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद, त्याला हृदयविकाराचा व पक्षाघाताचाही धोका अधिक असतो.

दुखते म्हणून माणूस चालणे सोडतो, गादीवर बसून राहतो आणि पाय अधिकच दुबळे होतात. शास्त्र मात्र उलट सांगते. मध्यम वेदना होईपर्यंत चालावे, ती शमेपर्यंत थांबावे, पुन्हा चालावे. असे ३० ते ६० मिनिटे, आठवड्यातून तीन वेळा, किमान १२ आठवडे. अमेरिकेच्या 'मेडिकेअर' या शासकीय विमा योजनेने २०१७ साली अशा देखरेखीखालील ३६ सत्रांचा खर्च मान्य केला. २०२१ साली तेथे प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वेदना टाळून सावकाश चालणाऱ्यांना लाभ झाला नाही; वेदना येईल इतक्या गतीने चालणाऱ्यांना झाला.

आता एक कोडे. घोट्यावरील रक्तदाबाला दंडावरील रक्तदाबाने भागले असता उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर हा विकार समजतात. परंतु व्यायामाने रुग्ण अधिक चालू लागतो, तरी हा आकडा बहुधा फारसा हलत नाही. मग सुधारले काय? याचा शोध स्नायूतच घ्यावा लागतो.

कोरोनाकाळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. त्यामागील तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. त्यानंतर १९७७ मध्ये अमेरिकेतील फ्रान्स यॉब्सिस यांनी दाखविले, की डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शरीरात खोलवर जाऊन तेथील प्राणवायूची वार्ता आणतात. प्राणवायूने भरलेले आणि रिते झालेले हिमोग्लोबिन हे किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषते. पोटरीला बांधलेले छोटे यंत्र परत आलेला प्रकाश मोजून स्नायूतील जमाखर्चच दाखविते: किती प्राणवायू आला आणि किती खर्ची पडला. अशा रुग्णाच्या पोटरीतील प्राणवायू चालताना झपाट्याने उतरतो आणि थांबल्यावर सावकाश भरून येतो. नियमित व्यायामाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि स्नायूंतील पेशी मिळालेल्या प्राणवायूचा अधिक चांगला उपयोग करू लागतात, असे संशोधक मानतात. म्हणजे मुख्य धमनी अरुंद राहूनही माणूस पुढे जातो. त्वचेखालील चरबीमुळे या यंत्राचे आकडे बदलतात. म्हणून तुलना शेजाऱ्याशी न करता स्वतःच्याच मागील नोंदीशी करावी. हे साधन आजही मुख्यत्वे संशोधनात वापरले जाते. आपल्याला वही पुरेशी आहे: किती पावलांवर दुखले, किती वेळात शमले, याची रोज नोंद ठेवावी.

मात्र प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. हृदयविकार असणाऱ्यांनी तर अवश्य. मधुमेहात धमन्या कडक होऊन घोट्याचा आकडा फसवा येऊ शकतो. बसल्याजागी किंवा रात्री पाय दुखत असेल, जखम भरत नसेल, बोट काळे पडत असेल, तर व्यायामाची वाट न पाहता त्वरित रुग्णालय गाठावे; विलंबाने पाय गमावण्याची वेळ येते. मधुमेही बंधुभगिनींनी अनवाणी दर्शनास जाताना तापलेल्या फरशीपासून पाय जपावेत आणि घरी येऊन तळवे तपासावेत. तंबाखू पूर्ण सोडावी.

विश्वस्तांना एक नम्र सूचना. आरोग्य शिबिरात आपण रक्तदाब व साखर तपासतो. त्यासोबत घोट्याचा दाबही तपासला जावा. आणि ज्येष्ठांना सोबत घेऊन आठवड्यातून तीन दिवस चालणारी तरुण मंडळी आपल्यातून पुढे यावीत. एकट्याचा नियम लवकर मोडतो, सोबतीचा टिकतो.