ताप आला तर आधी अंग तपासा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आज आम्ही कपाशीच्या भावावर बोलणार नाही, तापावर बोलणार आहोत. ऐन वेचणीत घरातले माणूस अंथरुणाला खिळले, तर तो तोटा कोणत्याच हमीभावात भरून निघत नाही.

२०१८ चा पावसाळा आठवा. ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत स्क्रब टायफसची साथ आली. माणसे दगावली. हा ताप सुरुवातीला मलेरिया-डेंग्यूसारखाच दिसतो, आणि तिथेच घात होतो.

कपाशीवरचा लाल कोळी आपण ओळखतो. गोचीड त्याच जातकुळीची, आठ पायांची. स्क्रब टायफस पसरवणारा त्यांचाच एक बारीक भाऊबंद. त्याची पिल्ले धुऱ्यावरच्या गवतात, झुडपांत, उंदरांच्या वावरात असतात. निंदताना, वैरण कापताना अंगावर चढून चावतात, कळतही नाही. आम्ही शेतकी कॉलेजात कोळी शिकलो, त्यावरची औषधे शिकलो. ही जात माणसालाही मारते, हे कोणी शिकवले नाही.

चावल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी थंडी, ताप, जबर डोकेदुखी. चावल्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली येते. ती दुखत नाही. काखेत, जांघेत, कमरेला, स्तनाखाली लपते. म्हणून घरच्यांनी अंग पाहावे. मायबहिणींनो, लाजेपायी लपवू नका. खपली दिसली नाही म्हणजे रोग नाही, असेही नव्हे.

डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण सांगायचे: "साहेब, मी गवतात काम करतो, घरी जनावरे आहेत." त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलते. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले, तर बहुतेक रोगी बरे होतात. पेनिसिलिनच्या जातीची औषधे इथे चालत नाहीत. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू धरतो. गोळी मात्र मनाने घेऊ नका. गरोदर बाईसाठी औषध वेगळे असते.

आता गोचीड. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाने माणसे आजारी पडली. तो गोचिडीचाच ताप. २०११ साली गुजरातेत काँगो ताप निघाला. तोही गोचिडीतून येतो. म्हणून बैलाची गोचीड बोटांनी चिरडू नका. स्वतःच्या अंगावर असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, हात साबणाने धुवा. रॉकेल नको, चटका नको. आणि कपाशीचे विष बैलाला चोळू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषाने किती घरे उजाडली, ते आपण पाहिले. गोचिडीचे औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच लावा.

बचाव साधा आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतात उघड्या अंगाने बसू-निजू नका. घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ करा, कपडे धुवायला टाका. घराभोवतीची झुडपे काढा, उंदीर आटोक्यात ठेवा.

शेवटी एक गोष्ट. अमेरिकेत लाइम नावाच्या गावी पोरांचे सांधे सुजत. १९७५ साली आयांनी अशा पोरांची माहिती जमवून सरकारला कळवली. तेव्हा तपास सुरू झाला, आणि तो रोग गोचिडीचा निघाला. ती गोचीड आपली नव्हे, पण त्या आयांची वही आपली करू. एका वस्तीत तीन-चार ताप एकदम आले, तर नावे आणि तारखा लिहा, आरोग्य केंद्राला लेखी द्या, पोच घ्या.

ठराव मांडतो: पावसाळा ते दिवाळी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे औषध हजर असावे, तपासणीसाठी रक्त तिथूनच पाठवावे. हे भीक म्हणून नको. ज्याच्या घामावर सूतगिरण्या चालतात, त्याचा ताप ओळखला जावा, एवढा त्याचा हक्क आहे.