मधल्या स्टेशनाची वेळ कोण मोजतं?

(अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातले बरेच जण खानापूर, लोंढा, घटप्रभा, रायबाग, कुडची या बाजूनं ये-जा करणारे. वेळापत्रक बदललं की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी पंधरा मिनिटं मागं गेली, तर नुसती पंधरा मिनिटं जात नाहीत. पहिला तास जातो, हजेरी जाते, कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. मग आपण फलाटावर चिडतो, ग्रुपवर मेसेज टाकतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी घर सोडतो. झालं!

मला आज एवढंच विचारायचंय: वेळापत्रक ठरवतं कोण, आणि ते चुकलं तर हिशोब मागायचा कुणाकडं?

2020 पासून सुरुवात करू. मार्चमध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्या वर्षी रेल्वेनं आयआयटी मुंबईच्या मदतीनं 'झिरो बेस्ड' वेळापत्रकाचं काम केलं. म्हणजे पाटी कोरी करून सगळी मांडणी नव्यानं. मालगाड्यांना वाट मिळावी, रूळ दुरुस्तीला ठरलेला वेळ मिळावा, एक्स्प्रेसचा वेग वाढावा, हे त्यामागचे हेतू. हेतू वाईट नव्हते. रूळ दुरुस्त व्हायलाच हवेत.

पण गाड्या परत आल्या, तेव्हा अनेक पॅसेंजर 'स्पेशल' किंवा 'एक्स्प्रेस' नावानं आल्या. बऱ्याच ठिकाणी थांबे तेच, वेगही जवळपास तोच, पण किमान तिकीट 10 रुपयांवरून 30 रुपये. 2021 मध्ये रेल्वेनं कारण दिलं की कोविडच्या काळात लोकांनी अनावश्यक प्रवास टाळावा. आता कॉलेजला जाणं, कामाला जाणं अनावश्यक कसं? कोविड ओसरला, तरी हे भाडं खाली यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. महिन्यात 25 दिवस ये-जा धरा. 500 रुपयांच्या जागी 1500. ज्याच्या घरात हजार रुपयांचा विचार करावा लागतो, त्यालाच हा फरक कळतो.

आता उशिराचं गणित बघा. वेळापत्रकात गाडीला थोडा जादा वेळ दिलेला असतो. तो बहुतेक वेळा प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात असतो. त्यामुळे वाटेत वीस-पंचवीस मिनिटं मागं असलेली गाडी शेवटच्या स्टेशनावर वेळेत पोचू शकते. वक्तशीरपणा मोजताना मुख्यतः ते शेवटचं स्टेशनच धरलं जातं. म्हणजे तुम्ही रायबागला ताटकळलात, तरी कागदावर गाडी 'वेळेवर'! आपली तक्रार खोटी नसते, ती मोजणीतच येत नाही.

त्यात आपली जागा अशी. बेळगाव नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात, मिरज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात. सकाळी एका विभागात बसायचं, दुसऱ्यात उतरायचं. इकडं विचारलं तर तिकडून गाडी उशिरा आली म्हणतात, तिकडं विचारलं तर इकडं बोट. रेल्वे हा केंद्र सूचीतला विषय, त्यामुळे दोन्ही राज्य सरकारांना हात वर करायला सोपं. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या प्रश्नात आपल्या शेजारी उभा असलेला कन्नड बोलणारा प्रवासीही तितकाच अडकलाय. त्याला सोबत घेतल्याशिवाय ही मागणी पुढं जाणार नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये 20 मे 2018 ला नवं वेळापत्रक लागू झालं आणि उत्तर इंग्लंड व लंडन परिसरात गोंधळ उडाला. रोज 780 पर्यंत गाड्या धावल्याच नाहीत. विंडरमीरच्या मार्गावर तर दोन आठवडे गाड्यांऐवजी बस. कारण काय? विद्युतीकरणाचं काम रखडलं, वेळापत्रक ऐनवेळी पुन्हा करावं लागलं, आणि नव्या मार्गांसाठी चालकांचं प्रशिक्षण पुरं झालं नव्हतं. मग नियामक संस्थेनं स्टीफन ग्लेस्टर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली. निष्कर्ष असा की जबाबदारी घेऊन पुढं झालंच नाही कुणी. मंत्र्यांना संसदेच्या समितीपुढं उत्तरं द्यावी लागली, पासधारकांसाठी खास भरपाई योजना आली. तिथं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण 'कुणी ठरवलं?' हा प्रश्न तिथं अधिकृतपणे विचारला गेला.

आपणही तो विचारू शकतो. नुसतं 'गाडी लेट आहे' म्हणून भागणार नाही, नोंद लागेल. महिनाभर आपल्या स्टेशनावर गाडी प्रत्यक्ष कधी आली, ते वहीत लिहा. एकानं नाही, प्रत्येक स्टेशनावर दोघा-तिघांनी. 139 वर तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. वेळ बदलण्यामागचं कारण माहिती अधिकारात मागा, हुबळीकडं आणि पुण्याकडं, दोन्हीकडं. प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते. तिच्यावर आपल्या भागातलं कोण आहे, ते शोधा आणि त्यांच्या हातात ही नोंद द्या. खासदारांकडं जाताना निवेदनाला हीच आकडेवारी जोडा.

मागण्या तीनच. मधल्या स्टेशनांवरची वेळ मोजा. बदल करण्याआधी रोजच्या प्रवाशांना विचारा. आणि दोन विभागांच्या हद्दीवरच्या गाड्यांसाठी उत्तर देणारा एक अधिकारी नेमा.

आज सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. नाव, स्टेशन आणि रोजची गाडी, एवढंच लिहून जा. सोमवारपासून नोंद सुरू करू.