मागचं-पुढचं वाच

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



समितीचा फोन आला तेव्हा मला वाटलं, 'आयटीतलं करिअर' असा काहीतरी विषय असेल. पण आपल्या बायबलच्या बाईंचा निरोप होता : "करिअरवर कोणीही बोलेल. तू आपल्या ख्रिस्ती मुलांशी शहाणपणावर बोल. फोनमधलं सगळं तुम्हीच लोक बनवता, तर त्यात खरं-खोटं कसं ओळखायचं तेही तुम्हीच सांगा." बाईंना शाळेत असताना नाही म्हणायची आमची हिंमत नव्हती. आजही नाही.

तुम्हाला आठवत असेल, पहिल्या तासाला आम्ही दहा-बारा ख्रिस्ती मुलं बायबलच्या वर्गात जायचो आणि बाकीचे सगळे नीतिशिक्षणाला. आम्ही आत वचनं पाठ करायचो आणि तुम्ही बाहेर आमचे डबे संपवायचात. त्या वर्गात बाईंचा एकच नियम होता. कोणी एखादं वचन धडाधड म्हणून दाखवलं की त्या म्हणायच्या, "छान. आता मागचं-पुढचं वाच." म्हणजे त्याच्या आधीच्या चार ओळी आणि नंतरच्या चार ओळी. आम्हाला त्याचा भारी कंटाळा यायचा. पाठांतराचे मार्क मिळाले, आता हे कशाला?

हे कशाला, ते मला कळायला पंचवीस वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगते. माझ्या मुलीला विचारून सांगते आहे. ती म्हणाली, "सांग, पण तुझी चूकही सांग."

माझी मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला लहानपणापासून दमा आहे. सकाळ-संध्याकाळ इन्हेलर घेतला की ठीक असते, धावते, बॅडमिंटन खेळते. डिसेंबरातल्या थंडीत एका रात्री तिला धाप लागली. मी इन्हेलर हातात घेतला. त्याच्या मागे किती डोस उरले ते दाखवणारा आकडा असतो. तिथे ११२ होता. दोन आठवड्यांपूर्वी मीच दुकानातून नवा आणला होता आणि तो १२० डोसचा होता. आयुष्यभर आकडे बघणाऱ्या बाईने हा आकडा बघितलाच नव्हता. चार दिवस औषध घेऊन तिने ते बंद केलं होतं.

रात्री दोन वाजता आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. नेब्युलायझर, ऑक्सिजन, सगळं झालं. देवाच्या दयेने आणि डॉक्टरांच्या कष्टाने ती सावरली. डॉक्टर म्हणाले, "बरं वाटतं म्हणून हे औषध सोडायचं नसतं. हे घेतलं म्हणूनच बरं वाटतं."

तिने बरं वाटतं म्हणून सोडलं नव्हतं. फोनवर ती एका प्रचारकाचे छोटे व्हिडिओ बघत होती. बोलणं गोड, मागे संगीत, प्रत्येक वाक्याला एक वचन. त्याचं सांगणं असं की, औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास. खरा विश्वास असेल तर गोळ्या टाकून द्या. आणि घरच्यांना आधी सांगू नका, ते तुमचा विश्वास कमी करतील.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "अगं, तुला एवढंही कळलं नाही?" ती शांतपणे म्हणाली, "आई, तूच सांगितलंस ना, देवाच्या सेवकाशी वाद घालायचा नाही. आणि मी तुला विचारलं होतं. तू कॉलवर होतीस. 'नंतर बघू' म्हणालीस."

मला आठवलं. तिने खरंच विचारलं होतं, "आई, हा माणूस बरोबर सांगतो का गं?" माझ्या कानाला हेडफोन होता.

ऑफिसात माझ्या टीमने लिहिलेली एक ओळसुद्धा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. एकजण लिहितो, दुसरा वाचतो, तिसरा ती मोडून बघतो. त्यात कोणाचा अपमान नसतो. आणि घरात मात्र मी मुलीला फक्त ऐकायला शिकवलं होतं. तपासायला शिकवलंच नव्हतं. आज्ञाधारक मुलगी म्हणून चर्चमध्ये तिचं कौतुक व्हायचं आणि मी खूश असायची. पण ज्याला फक्त आज्ञा पाळता येते, ते मूल समोर जो कोणी अधिकाराने बोलेल त्याचीच आज्ञा पाळतं.

हॉस्पिटलमधल्या त्या खुर्चीवर बसून मला बाईंचा नियम आठवला. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आम्ही सगळ्यांनी पाठ केला होता. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. हे तो स्वतःच्या मनाचं सांगत नाही. तो ९१ व्या स्तोत्रातलं वचन सांगतो. म्हणजे वचन खरं आहे, शब्द बरोबर आहेत, पण ते वापरलं आहे उडी मारायला लावण्यासाठी. येशू काय करतो? शास्त्र बाजूला ठेवत नाही. अनुवादाच्या पुस्तकातलं दुसरं वचन पुढे ठेवतो, की देवाची परीक्षा पाहू नये. औषध टाकून दे, देव झेलेल, हे त्याच मंदिराच्या टोकावरचं बोलणं आहे.

आणि मागचं-पुढचं वाचलं तर काय दिसतं? लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. हिज्कीया राजा आजारी पडतो, देव त्याची प्रार्थना ऐकतो, आणि तोच संदेष्टा यशया त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगतो. प्रार्थनाही आहे आणि लेपही आहे. हे त्या व्हिडिओत नव्हतं. एका मिनिटाच्या व्हिडिओत मागचं-पुढचं मावतच नाही.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. मुलांनो, तुमच्या फोनवर पुढचा व्हिडिओ कोणता यावा हे ठरवणारा प्रोग्रॅम माझ्यासारखेच लोक लिहितात. तो कशाचा हिशेब ठेवतो? तुमचा अंगठा कुठे थांबला, किती सेकंद थांबला, कोणाला पाठवलं. ते खरं आहे का, हा हिशेब त्यात मुख्य नसतो. माझी मुलगी आजाराच्या काळजीने एका व्हिडिओवर थांबली, म्हणून तिला तसलेच दहा आले. तिला वाटलं, देव माझ्याशीच बोलतो आहे, नाहीतर सगळीकडून एकच गोष्ट कशी येईल? ते देवाचं बोलणं नव्हतं. तो तिच्याच अंगठ्याचा प्रतिध्वनी होता. एआयला प्रश्न विचारता, तेही असंच. ते उत्तर छान जुळवून देतं, पण बरोबर असताना आणि चुकलेलं असताना त्याचा आवाज सारखाच ठाम असतो. ते वापरू नका असं मी म्हणणार नाही, मीही वापरते. पण त्यातलं वचन उघडून बघा. कधी कधी ते वचन त्या अध्यायात नसतंच.

तुम्ही म्हणाल, मॅडम, मग प्रश्न विचारत बसायचे की विश्वास ठेवायचा? तर आपल्याच गावातली एक गोष्ट सांगते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत कवी नारायण वामन टिळक बसले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या. त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी त्याच्या भाकितावर काहीच ठरवलं नाही. त्यांनी पुस्तक वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले, तरी लगेच उठून गेले नाहीत. शंका काढल्या, विचारल्या, पुन्हा वाचलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरं ठरलं, पण भाकितामुळे नव्हे.

मला त्यांच्याहून जास्त लक्ष्मीबाई टिळकांचं वाटतं. त्या काळी नवरा जाईल तिकडे बायको जायची. लक्ष्मीबाई गेल्या नाहीत. त्या रडल्या, वेगळ्या राहिल्या, मुलाला सांभाळलं. शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या, पण एकेक गोष्ट स्वतः पारखून घेत गेल्या. आधी मनातली सोवळ्या-ओवळ्याची आणि जातीची गाठ सोडवली, मग पुढचं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' वाचा, त्यात हे सगळं हसत-हसत सांगितलेलं आहे. माझ्या हिंदू, बौद्ध, मुस्लिम मित्रांनो, कोणी कोणता धर्म घ्यावा हे मी सांगत नाही आहे. लक्ष्मीबाईंच्या पायांचा वेग दुसऱ्या कोणी ठरवला नाही, एवढंच मला मुलांना दाखवायचं आहे.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, त्यांच्याशीच त्यांनी पत्रातून वाद घातला. मी जे मानायचं ते माझ्या बुद्धीला आणि सदसद्विवेकाला पटल्यावर मानीन, असा त्यांचा सूर होता. ती पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. एवढे प्रश्न विचारणारी बाई विश्वास सोडून गेली का? तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. मागचं-पुढचं वाचायला ती थेट मूळ भाषेपर्यंत गेली.

आता दुसऱ्या बाजूचा धोका सांगते, कारण तो माझ्या घरात झाला. बरी झाल्यावर माझी मुलगी म्हणाली, "तो माणूस वचन सांगून खोटं बोलला. मग आपलं चर्चही खोटंच असेल." काही महिने ती उपासनेला आली नाही. ओढून न्यावं असं फार वाटलं. पण शब्द घशात अडकले, कारण ओढून नेण्याचं फळ मी पाहिलं होतं. सगळ्यावर विश्वास ठेवणं सोपं असतं आणि सगळ्यावर अविश्वास ठेवणंही तितकंच सोपं असतं. दोन्हीत तपासायचे कष्ट वाचतात. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची वाखाणणी आहे. त्यांनी पौलाचं बोलणं उत्सुकतेने ऐकलं, आणि मग ते तसंच आहे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहिलं. ऐकलंही आणि तपासलंही. पौलाला त्याचा राग आल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

मुलांनो, आमच्या घरात आता चार प्रश्न फ्रिजवर लावलेले आहेत. तेच तुम्हाला देते.

पहिला, याच्या मागे-पुढे काय लिहिलं आहे?

दुसरा, याची दुसरी बाजू कोणाकडून ऐकली? नीतिसूत्रांत सांगितलं आहे की पहिल्यांदा बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन त्याला प्रश्न विचारेपर्यंत.

तिसरा, हा मला घाई करायला किंवा लपवायला सांगतो आहे का? 'आत्ताच कर', 'आईला सांगू नको', 'दहा जणांना पाठव नाहीतर शाप लागेल', यातलं काहीही आलं की फोन उलटा ठेवा आणि उठून कोणाकडे तरी जा. प्रेमाच्या बाबतीतही हेच, पैशाच्या बाबतीतही हेच.

चौथा, याचं फळ काय? याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या ज्ञानाची खूण दिली आहे. ते शांतीचं, सौम्य आणि दयेने भरलेलं असतं. जे ऐकून तुम्ही भित्रे, गर्विष्ठ किंवा घरच्यांचे वैरी होत असाल, ते कुठून आलं असेल याचा विचार करा.

आणि आता माझ्या बॅचला. आपण आई-बाप झालो. हे चारही प्रश्न मुलं तेव्हाच विचारतील, जेव्हा ऐकायला कोणीतरी असेल. शलमोनाला देव म्हणाला, हवं ते माग. त्याने बरं-वाईट ओळखणारं मन मागितलं. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ 'ऐकणारं हृदय' असा होतो. मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगताना शलमोन किती हुशार होता, एवढंच सांगत आले. पण त्याने मागितले होते कान. मुलीने विचारलं तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन होता.

आता रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी एक अध्याय वाचतो. फोन स्वयंपाकघरात ठेवतो. ती प्रश्न विचारते. निम्म्यांची उत्तरं मला येत नाहीत. मग आम्ही पाळकसाहेबांना विचारतो, आणि कधी कधी तेही "शोधून सांगतो" म्हणतात. तेव्हा तिला त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटतो. चर्चला ती कधी येते, कधी येत नाही. इन्हेलर मात्र रोज घेते. आकडा मी आता बघत नाही, तीच मला दाखवते.

बाई, तुमच्या पाठांतराच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मार्क होते. मागच्या-पुढच्या ओळी मात्र मी तेव्हा नुसत्या वाचल्या होत्या. आता त्या आम्ही घरी दोघी मिळून वाचतो आहोत. एवढंच सांगायचं होतं.