आगबोटीवर न्यायची थंड पेटी



कूलर म्हटला, की आपल्याकडे खिडकीत बसवलेला, वाळ्याचा पडदा भिजवून घूं घूं करीत वारा सोडणारा पत्र्याचा मोठा डबा डोळ्यांपुढे येतो. आज मी त्याच्याविषयी बोलणार नाही. हातात धरून नेता येईल आणि आतली वस्तू गार राहील अशी जी लहान पेटी असते, तिच्याविषयी बोलणार आहे. आणि तीही आगबोटीच्या प्रवासाला न्यावयाची. तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही कुठं निघालोय आगबोटीनं?" तर मंडळी, अलीकडे निघतात, बरं का. मुंबईहून गोव्याकडे, लक्षद्वीपकडे सहलीची मोठी जहाजे सुटू लागली, आणि नोकरीला लागलेली मुले-पुतणे हौसेने म्हाताऱ्या माणसांची तिकिटे काढू लागली. आमच्या पुतण्याने तेच केले. शिवाय पेटीचे शास्त्र काही जहाजापुरते नाही. एस.टी.तून जा, की पंढरीच्या वारीला जा, ते बदलत नाही.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या वेळी मुंबईला जायचे ते आगबोटीने. किनाऱ्यावरून पडावात बसायचे, पडाव हेलकावे खात बोटीला लागायचा, आणि मग सामान वर. त्या सामानात आमच्या आईचा फिरकीचा तांब्या असे. थंड ठेवण्याजोगे आमच्याजवळ काहीच नव्हते, आणि थंड ठेवण्याची गरजही नव्हती. भाकरी, चटणी, फार तर दशम्या. आता मात्र आमच्या घरी ती गरज आहे. सौभाग्यवतींना गेली अकरा वर्षे मधुमेह आहे, आणि रोज दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यावी लागते.

पुतण्याचे तिकीट आल्याबरोबर त्या म्हणाल्या, "अहो, मला नको ती बोट. मागच्या खेपेसारखं व्हायचं."

मागच्या खेपेला काय झाले, ते आधी सांगतो; कारण चूक माझी होती. लेकीकडे जायचे होते, एस.टी.चा नऊ तासांचा प्रवास, दिवस वैशाखाचे. मी मोठ्या शहाणपणाने शेजाऱ्यांच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून दगडासारखी गोठलेली जेलची दोन पाकिटे आणली, त्यांच्या मध्ये इन्सुलिनच्या बाटल्या ठेवल्या, वरून टॉवेल गुंडाळला आणि डबा घट्ट लावला. पोचलो तेव्हा बाटल्या छान गार होत्या. इतक्या गार, की एकीत बर्फ झाला होता. तो वितळला, औषध पुन्हा पहिल्यासारखे दिसू लागले, आणि आम्ही तेच वापरले. चौथ्या दिवशी यांना चक्कर आली. रक्त तपासले तर साखर तीनशेच्या वर! डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, उन्हाने औषध बिघडते हे तुम्हाला ठाऊक होते. पण थंडीनेही बिघडते. एकदा गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यायचे, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो."

तेव्हा पेटी निवडताना पहिला प्रश्न 'जास्तीत जास्त गार कोणती?' हा नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे. शून्याखाली जाता कामा नये. चालू बाटली किंवा पेन मात्र साधारण चार आठवडे बाहेर चालते, फक्त उष्णता पंचवीस-तीस अंशांवर चढू द्यायची नाही. औषधाप्रमाणे यात थोडा फरक असतो, म्हणून बाटलीबरोबरचा कागद वाचावा.

आता पेटी काम कशी करते ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनो, हा भाग तुमच्या वर्गासाठी. मुलांना विचारा: बर्फाचा खडा घोंगडीत गुंडाळला तर लवकर वितळेल की उशिरा? दहांतली आठ मुले सांगतील, लवकर. कारण घोंगडी ऊब देते. मग दोन वाट्या घ्या, सारख्या आकाराचे दोन खडे घ्या, एक उघडा ठेवा, दुसरा घोंगडीत गुंडाळा, आणि अर्ध्या तासाने उघडून दाखवा. घोंगडी ऊब देत नाही, ती ऊब अडवते. आतली बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची आत येऊ देत नाही. तिच्या लोकरीत जी हवा अडकून बसलेली असते, तीच हे काम करते. थर्माकोलही तेच करतो, बर्फाच्या लादीवर घातलेला लाकडाचा भुसाही तेच करतो.

भुशावरून आठवले. कलकत्त्याला पहिला अमेरिकन बर्फ आला तो १८३३ साली. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाच्या जहाजात सुमारे १८० टन बर्फ भरून पाठवला. थंडीत गोठलेल्या तळ्यांतून कापलेला तो बर्फ. शिडाचे जहाज, चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचे. आणि तरी सप्टेंबरात कलकत्त्याला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! त्या जहाजावर यंत्र नव्हते. झाडांच्या सालींचा भुसा होता, आणि बर्फाच्या लाद्या एकमेकींना चिकटवून गच्च रचलेल्या होत्या. एवढा ढीग एकत्र असला म्हणजे हवा लागते ती फक्त बाहेरच्या अंगाला. आतला बर्फ सुरक्षित. तोच बर्फ फोडून पसरून ठेवला असता तर आफ्रिकेचे टोक येण्यापूर्वीच त्याचे पाणी झाले असते. आपणही हे लक्षात ठेवावे: पेटीत बर्फाचा चुरा घालण्यापेक्षा मोठा तुकडा घालावा.

आणखी एक गोष्ट. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. आणि सगळा वितळेपर्यंत तो शून्यावरच राहतो. म्हणून नुसत्या थंडगार पाण्याच्या बाटलीपेक्षा तेवढाच बर्फ कितीतरी जास्त वेळ साथ देतो.

मग माठाचे काय, असे सोलापूरकडचा माणूस विचारणारच. मी सांगोला तालुक्यात बावीस वर्षे नोकरी केली. तिथे एप्रिलमध्ये माठातले पाणी दाताला लागते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटलीसुद्धा गार होते. कारण हवा कोरडी, पाणी भराभर उडते, आणि उडताना उष्णता घेऊन जाते. पण तोच माठ कोकणात नेला तर बिचारा नुसता घाम गाळत बसतो. समुद्रावरची हवा आधीच पाण्याने भरलेली; तिथे पाणी उडणार कसे? पाण्यात भिजवून वापरायच्या कापडी पिशव्या औषधासाठी मिळतात. देशावर त्या उत्तम, चालू पेनसाठी तर फारच सोयीच्या. पण दमट बंदरात त्यांच्यावर सगळा भार टाकू नये.

आता बाजारातल्या पेट्या. थर्माकोलचा खोका सर्वांत स्वस्त आणि गारवा राखायला खरोखर चांगला. बंदरावर मासळी त्यातच जाते. पण तो कोपऱ्यावर फुटतो, आणि त्याचे पांढरे दाणे समुद्रात पडले तर वर्षानुवर्षे तसेच तरंगत राहतात. काही जहाजांवर तो चालतही नाही. दुसरी, मऊ कापडी पिशवी, आतून चकचकीत अस्तर असलेली. घडी होते, खांद्याला लागते, पण तिची भिंत पातळ. चारसहा तासांचे काम. तिसरी, कडक प्लॅस्टिकची पेटी, दोन भिंतींमध्ये फेस भरलेली. हीच आपल्या उपयोगाची. चौथी, विजेवर चालणारी, मोटारीत लावतात ती. जहाजाच्या खोलीत अशी यंत्रे लावू देतीलच असे नाही, आणि रस्त्यात एस.टी.त ती लावणार कुठे? ती मी तपासलीही नाही. पाचवा आपला थर्मास, रुंद तोंडाचा. जेम्स ड्यूअर नावाच्या शास्त्रज्ञाने १८९२ साली त्याची युक्ती काढली: दोन भिंतींमधली हवाच काढून टाकली. एका दिवसाचे दोन पेन न्यायला याच्यासारखे साधन नाही.

दुकानदार मोठी पेटी दाखवतो. आम्हालाही दाखवली, चाकांची, अठ्ठावीस लिटरची. सौभाग्यवती म्हणाल्या, "हिच्यात बसून मीच येईन." खरेच आहे. मोठ्या पेटीत निम्मी जागा रिकामी राहते, ती गार करण्यात बर्फ खर्ची पडतो. शिवाय जहाजांचे नियम. काही परदेशी कंपन्यांत लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी बारा इंचांपर्यंतचीच पेटी हाती नेऊ देण्याची पद्धत आहे, आणि चाकांच्या मोठ्या पेट्या अडवतात. नियम कंपनीगणिक बदलतात, म्हणून तिकिटाबरोबरचा कागद आधी वाचावा. खाण्यापिण्याचे जिन्नस बहुधा नेऊ देत नाहीत. औषध मात्र नेऊ देतात, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पेटीतच ठेवावी. कोरडा बर्फ, ज्याला ड्राय आइस म्हणतात, तो कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्यातून कर्बवायू निघतो, बंद खोलीत जीव गुदमरतो. आणि तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा, म्हणजे औषधाचा दगडच.

पण सर्वांत महत्त्वाचा हिशेब आम्ही नंतर केला, तो तुम्ही आधी करा. पेटी किती तास चालली पाहिजे? आम्ही आधी धरून चाललो होतो, चार रात्रींचा प्रवास, म्हणजे चार रात्री. पुतण्याने कंपनीकडे चौकशी केली. खोलीत लहान फ्रीज आहे, नाहीतर जहाजावरच्या दवाखान्यात औषध ठेवून घेतात. म्हणजे पेटी समुद्रावर लागणारच नव्हती! घरून संध्याकाळी सातला निघायचे, सकाळी मुंबई, दुपारी बॅलार्ड पिअरला रांग, तपासणी, आणि खोली हातात येईपर्यंत तीन वाजणार. एकूण वीस तास. वीस तासांसाठी सहा-सात लिटरची कडक पेटी पुष्कळ झाली.

विकत घेताना एक करा. झाकणात कागदाची पट्टी धरून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर त्या फटीतून वाराही सहज जाणार. ती पेटी परत द्या. चारी बाजूंनी करून बघा, दुकानदार हसला तरी. घरी आणल्यावर पेटी एक रात्र आतून गार करून ठेवावी, म्हणजे पहिला बर्फ तिच्या भिंती निववण्यात जात नाही.

आणि भरायची कशी, ते मी शिकलो आमच्या गावच्या आरोग्यसेविकेकडून. लसीकरणाच्या दिवशी ती निळी पेटी घेऊन येते, हे तुम्ही पाहिलेच असेल. तिच्यात बर्फाची चार पाकिटे असतात. मी तिला विचारले, "ताई, तुमच्या लसी गोठत कशा नाहीत?" ती म्हणाली, "गुरुजी, पाकीट फ्रीजरमधून काढलं की लगेच नाही भरायचं. बाहेर ठेवायचं. कानाशी धरून हलवायचं. आत पाणी खळखळलं, की मग भरायचं." किती सोपे! फ्रीजरमधला बर्फ शून्याचा नसतो, उणे पंधरा-अठराचा असतो. तो वितळू लागला, पाण्याचा आवाज आला, म्हणजे शून्यावर आला. माझी चूक इथेच झाली होती. नऊ तासांच्या प्रवासाला निघताना पंधरावीस मिनिटांची घाई केली होती.

आम्ही पाकिटे खळखळेपर्यंत ठेवली. इन्सुलिनच्या बाटल्या त्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच ठेवल्या, खोके जाड रुमालात गुंडाळून मधोमध, पाकिटे कडेने, उरलेल्या जागेत जुना टॉवेल कोंबला. बाटल्यांशेजारी वायरचा लहान तापमापक ठेवला आणि त्याचा आकडा दाखवणारा भाग झाकणाबाहेर काढला, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडून बघायला नको. पेटी हातातच ठेवली. बाकीचे सामान बंदरावर हमाल घेतात, ते खोलीत कधी पोचेल याचा नेम नसतो. आणि निम्मे औषध पुतण्याच्या पिशवीत, दुसऱ्या थर्मासमध्ये दिले. एक हरवले तर दुसरे हाताशी असावे म्हणून.

बंदरावर तपासणीवाल्या मुलाने पेटी उघडायला लावली. चिठ्ठी वाचली, बाटल्या पाहिल्या, आणि म्हणाला, "माझ्या आजीचीपण अशीच असते." लगेच झाकण लावून दिले.

खोलीत गेलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. तापमापकावर सहा अंश. पाकिटे हलवून पाहिली; निम्मा बर्फ अजून आत खडखडत होता. खोलीतल्या फ्रीजमध्ये मागच्या गार पत्र्याला बाटली टेकू नये म्हणून खोके दाराच्या कप्प्यात ठेवले. सौभाग्यवतींनी आपल्या हाताने तापमापक तिथे लावला, दहा मिनिटे खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसल्या, आकडा पाचावर स्थिर झालेला पाहिला, आणि मग म्हणाल्या, "चला, आता समुद्र दाखवा."